रॅचेटचे दाते कसे वाढत गेले

निफाडकडे द्राक्षबागेच्या फवारणी ब्लोअरवर काम करताना मिस्त्रींचा हात कुठे अडकतो ते जवळून पाहिलं, की रॅचेटचे, म्हणजे हँडल मागे-पुढे हलवत नट एकाच दिशेला फिरवणाऱ्या पान्याचे, दाते का मोजायचे हे कळतं. पंपामागचा नट दिसतो, त्यावर गोटीही (सॉकेट) बसते, पण हँडल जेमतेम दोन बोटं हलतं. तेवढ्या हालचालीत खटका, म्हणजे दात्यांत अडकणारा तुकडा, पुढच्या दात्यावर पडला नाही, तर नट जागचा हलत नाही.

हिशेब सोपा आहे. ३६० अंशांना दात्यांच्या संख्येनं भागायचं. २४ दाते असले तर हँडल १५ अंश मागे न्यावं लागतं, ३६ असले तर १० आणि ७२ असले तर ५. २५० मिलिमीटरच्या हँडलच्या टोकाशी हेच अंतर साधारण ६५, ४४ आणि २२ मिलिमीटर भरतं. दोन बोटांच्या फटीत ३६ दात्यांचं हँडल अडतं आणि ७२ चं चालतं ते यामुळे.

दातेरी चाक आणि खटका ही जोडी फार जुनी. ट्रकचा हँडब्रेक ओढताना होणारी करकर तिचीच, उतारावर पायडल थांबवल्यावर सायकलची टिकटिकही तिचीच. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या जे. जे. रिचर्डसन यांनी १८६३ मध्ये रॅचेट पान्याचं पेटंट घेतलं. पुढे १९२० मध्ये सुरू झालेल्या स्नॅप-ऑन कंपनीनं पाच हँडलं आणि दहा सुट्या गोट्यांत पन्नास पान्यांचं काम करून दाखवलं. आपल्या गॅरेजमधला गोटी सेट याच घराण्यातला. नाशिकला तर हातहत्यारं घरचीच: १९६९ मध्ये स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्यानं हत्यारं बनवू लागलेल्या टपारियाचा कारखाना सातपूरच्या एमआयडीसीतच आहे.

दाते बारीक होण्यामागे माझ्या मते सगळ्यात मोठं कारण गाडीचं बॉनेट. अ‍ॅम्बेसेडरमध्ये इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हात सहज जायचा, तिथे २४ किंवा ३६ दाते पुरेसे होते. १९८३ मध्ये मारुती ८०० आली ती आडवं बसवलेलं इंजिन घेऊन, आणि जागा आक्रसली. जगभर गाड्या याच वाटेनं गेल्या. मग ७२ दाते आले, ८० आणि ९० आले.

‘दाते जास्त म्हणजे पाना कमजोर’ हे वाक्य दुकानात नेहमी ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. दाता लहान झाला की एकट्या दात्याची ताकद कमी होते, हे बरोबर. पण रॅचेटचं डोकं उघडून पाहा: आत दातेरी चाक, त्याला टेकलेला छोटा खटका आणि त्यामागे बारीकशी स्प्रिंग. चांगल्या कंपन्या हा खटका रुंद करतात, म्हणजे एका वेळी बरेच दाते मिळून भार घेतात. स्वस्त पान्यात दाते बारीक आणि खटका अरुंद असतो. जोर लावला की तो घसरतो आणि बोटांची सालटी निघतात. तेव्हा आकडा पाहण्याआधी खटका पाहावा.

१२० चा आकडा तर वेगळ्याच युक्तीनं गाठलाय. काही पान्यांत चाकाला दाते ६० च असतात, पण दोन खटके अर्ध्या दात्याच्या फरकानं बसवलेले असतात आणि ते आळीपाळीनं पकडतात. त्यामुळे हँडल तीन अंशांवर पकडतं आणि दाताही जाड राहतो.

मात्र बारीक दात्यांत धूळ आणि घट्ट ग्रीस लवकर बसतं, खटका पुरता आत जात नाही. बागेतल्या मातीत काम करणाऱ्यानं डोकं खोलून पुसावं आणि पातळ ग्रीस लावावं. गंजलेला नट मात्र आधी लांब टॉमीनं (दाते नसलेल्या साध्या दांड्यानं) सैल करावा, मग रॅचेट लावावं.