सायन्स फिक्शन सिनेमात ख्रिस्त शोधायची ही सवय आली कुठून? थोडी पार्श्वभूमी

उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, तरुण मुलांना 'द मेट्रिक्स' हा हॉलिवूडचा सायन्स फिक्शन सिनेमा दाखवायचा आणि मग श्रद्धेवर बोलायचं असं वसईतल्या आमच्या गटात ठरलं, तेव्हा घरच्या मोठ्यांचा पहिला प्रश्न हाच होता की बंदुका आणि हाणामारीच्या पिक्चरमधून कसला आलाय ख्रिस्त, आणि मुलांचं म्हणणं बरोबर उलटं, की त्यात नवीन काय, त्यातला नायक निओ म्हणजे येशू हे सगळ्यांना माहितीये. दोघांचंही म्हणणं गंभीरपणे घ्यायला हवं, कारण हा वाद सिनेमापेक्षा खूप जुना आहे आणि आपल्याच किनाऱ्यावर एकदा होऊन गेलाय.

फादर थॉमस स्टीफन्स मूळचे इंग्लंडचे, येशूसंघीय म्हणजे जेजुइट, १५७९ मध्ये गोव्याला आले, तिथल्या साष्टीत राहिले, इथली भाषा शिकले आणि १६१६ मध्ये त्यांचं 'ख्रिस्तपुराण' गोव्यातच रायतूरला छापलं गेलं, जवळजवळ अकरा हजार ओव्या, मराठीत. आता ते का लिहिलं ते त्या ग्रंथातच आलंय आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना जुनी पुराणं वाचायला बंदी झाली होती, तेव्हा एक जण विचारतो की आधीची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आम्ही वाचायचं काय, आमच्यासाठी तसलंच दुसरं काही का करत नाही? त्या प्रश्नातून हे पुराण आलं. म्हणजे बंदी घालून कथेची ओढ जात नाही हे त्या फादरांना चारशे वर्षांपूर्वी कळलं होतं. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन वेळा ते छापलं गेलं आणि त्यातली एकही छापील प्रत आज सापडत नाही, लोकांनी हाताने नकला करून ठेवल्या म्हणून ते टिकलं, पुढे १९०७ मध्ये मंगळूरला परत छापलं.

दुसरे कोकणातलेच, रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८६१ चा जन्म, रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव, १८९५ मध्ये बाप्तिस्मा. त्यांनी अभंग लिहिले, ख्रिस्ती कीर्तनं केली, 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं ते अर्धवट राहिलं आणि लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगायचे.

इथे मला एक फरक सांगायचाय, कारण चर्चेत तो कायम सुटतो. ओवी घेऊन तिच्यात ख्रिस्ताची कथा सांगणं वेगळं, आणि दुसऱ्या कुणीतरी दुसऱ्याच हेतूने केलेल्या कामात ख्रिस्ताची ओळख पटणं वेगळं. स्टीफन्सनी पहिलं केलं, टिळकांनी दोन्ही केलं. सिनेमातून धडे काढणं हे दुसऱ्या जातीचं काम आहे आणि ते जास्त अवघड आहे, कारण तिथे कथा आपली नसते. याचा सगळ्यात जुना दाखला बायबलमध्येच आहे, प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७. ख्रिस्ताचा प्रेषित पौल अथेन्सला जातो, तिथे 'अज्ञात देवाला' असं लिहिलेली वेदी बघतो, आणि बोलताना ग्रीक कवींचीच ओळ उचलतो की आपण त्या देवाचे वंशज आहोत. पण त्याच भाषणात तो मूर्तींबद्दलचं स्वतःचं म्हणणंही स्पष्ट सांगतो आणि पुनरुत्थानाचा विषय काढतो, तिथे काहीजण हसून निघून जातात. कवीची ओळ घेतली म्हणून कवीचं सगळंच पटलं असं त्याने दाखवलं नाही.

आणि सिनेमाचं म्हणाल तर आपल्याकडे त्याची सुरुवातच अशा बघण्यातून झालीय. दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट बघितला, आणि तो डोळ्यांसमोरून सरकत असताना मनात मात्र श्रीकृष्ण, श्रीरामचंद्र, गोकुळ, अयोध्या दिसत होती असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय. तिथून १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र'. तर पडद्यावर एक कथा आणि बघणाऱ्याच्या मनात त्याची स्वतःची, यात खोटं किंवा ओढूनताणून काही नाही, माणूस असंच बघतो.

चर्चची भूमिका मात्र हळूहळू बदलत गेली. १९३०च्या दशकात अमेरिकेतले कॅथलिक लोक वाईट सिनेमे बघणार नाही अशी शपथ घ्यायचे, १९३६ मध्ये अकरावे पायस पोप यांनी सिनेमावरच परिपत्रक काढलं, त्यात या मोहिमेचं कौतुकच आहे. १९५७ मध्ये बारावे पायस यांचं दुसरं परिपत्रक आलं, त्यात प्रेक्षकाला, विशेषतः तरुणांना, समजून बघायला शिकवावं हा सूर आला. आणि १९९५ मध्ये सिनेमाला शंभर वर्षं झाली तेव्हा व्हॅटिकनने ४५ महत्त्वाच्या चित्रपटांची यादी काढली, धर्म, मूल्यं आणि कला असे तीन भाग, आणि कलेच्या भागात 'मेट्रोपोलिस' आणि '२००१: अ स्पेस ओडिसी' हे दोन सायन्स फिक्शन सिनेमे आहेत. साठ वर्षांत एवढं अंतर.

हॉलिवूडकडूनही हात पुढे आलेला होताच. १९५१ चा 'द डे द अर्थ स्टूड स्टिल' घ्या. परग्रहावरून क्लाटू शांततेचा निरोप घेऊन येतो, माणसांत राहताना कार्पेंटर असं नाव घेतो म्हणजे सुतार, मारला जातो, परत उठतो, निरोप सांगून आकाशात निघून जातो. पटकथाकार एडमंड नॉर्थ यांनी नंतर सांगितलं की ख्रिस्ताचं साम्य त्यांनी मुद्दाम घातलं होतं पण दिग्दर्शकाला किंवा निर्मात्याला बोलले नव्हते, ते लोकांना नकळत जाणवावं अशी त्यांची इच्छा होती. पण सेन्सॉरवाल्यांना मेलेला माणूस यंत्राने जिवंत होतो हे खटकलं, म्हणून क्लाटूच्या तोंडी एक वाक्य घालावं लागलं की जीवन-मरणाचा अधिकार सर्वसमर्थ आत्म्याचाच. मला वाटतं ते वाक्य घातल्याने सिनेमाचं काही बिघडलं नाही, उलट क्लाटू स्वतःला ख्रिस्त समजत नाही हे त्यामुळे नीट कळतं. पुढे १९८२ मध्ये 'ई.टी.' आला आणि त्याच्या पोस्टरवर मायकेलअँजेलोच्या चित्रात देव आणि आदाम यांची असतात तशी बोटाला बोट. २०१३ च्या 'मॅन ऑफ स्टील'च्या वेळी तर स्टुडिओनेच पाळकांना फुकट शो दाखवले आणि प्रवचनाची तयार टिपणं दिली, सुपरमॅनचं वय ३३ वगैरे. हे मला पटत नाही. ओळख बघणाऱ्याला पटायला हवी, ती तिकीट विकायला कुणी हातात आणून दिली की तिचा उपयोग संपतो.

आता 'मेट्रिक्स'. १९९९ चा, वाचोव्स्की भावंडांचा. यंत्रांनी माणसांना संगणकाच्या एका खोट्या जगात अडकवलंय, आणि त्यातून सुटलेले निओ आणि त्याचे सोबती खऱ्या जगात एका जहाजावर राहून यंत्रांशी लढतात. निओला एक जण सुरुवातीलाच तारणारा म्हणतो, शेवटच्या मानवी शहराचं नाव झायन म्हणजे बायबलमधलं सियोन, प्रेम करणारीचं नाव ट्रिनिटी म्हणजे त्रैक्य, मेलेला निओ उठतो, हे सगळं मुलांना पाठ आहे आणि तिथेच चर्चा संपते. म्हणून मी दोन जागा जवळून बघायला सांगतो.

पहिली जागा जहाजावरची पाटी. जहाजाचं नाव नबुखद्नेस्सर, बायबलमधल्या दानीएलच्या पुस्तकातला तो स्वप्नाने बेचैन झालेला राजा, आणि पाटीवर मार्क तीन, नंबर अकरा असं कोरलंय. मार्कच्या शुभवर्तमानात ३:११ उघडलं की 'तू देवाचा पुत्र आहेस' हे शब्द मिळतात, आणि लोक तिथे पुस्तक मिटतात, झालं सिद्ध. पण पूर्ण उतारा वाचा ना, म्हणजे आधीचंही आणि पुढचंही. ते शब्द बोलणारे अशुद्ध आत्मे आहेत आणि लगेच बाराव्या वचनात येशू त्यांना ताकीद देतो की मला प्रकट करू नका. म्हणजे बरोबर उत्तर तोंडाने म्हणता येणं म्हणजे श्रद्धा नव्हे, हे मार्क तिथे सांगतोय, आणि निओ म्हणजे येशू एवढंच म्हणून थांबणाऱ्या आपल्या सगळ्यांनाच ते लागू आहे.

दुसरी जागा सायफरची, म्हणजे निओच्या फितूर झालेल्या सोबत्याची. त्याला सरसकट यहूदा, म्हणजे येशूला पकडून देणारा शिष्य, म्हणतात, चूक नाही, पण मला त्याच्यापेक्षा बायबलमधल्या गणना या पुस्तकाचा ११ वा अध्याय जास्त जवळचा वाटतो. जहाजावर रोज वाटीत तीच पांढरी लापशी, शरीराला लागतं ते सगळं तिच्यात आहे असं एक जण सांगतो, पण चव नाही. आणि सायफर त्या खोट्या जगात यंत्रांच्या एजंटासमोर बसून स्टेक म्हणजे भाजलेल्या मांसाचा तुकडा कापतो, हा खोटा आहे हे मला माहितीये म्हणतो, तरी मिटक्या मारत खातो आणि बदल्यात सोबत्यांना विकतो, वर अट घालतो की मला यातलं काहीच आठवता कामा नये. वाळवंटात इस्राएली लोकांचं हेच झालं होतं. देवाने रोज दिलेलं अन्न, मान्ना, नकोसा झाला आणि मिसर म्हणजे इजिप्तमधले मासे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण आठवून ते रडायला लागले. मासळीसाठी जीव कासावीस होणं काय असतं हे कोकणात कुणाला समजावून सांगावं लागत नाही! पण ते मासे गुलामीतले होते, एवढंच ते विसरले होते. उपवासकाळात याच्यावर बोललं तर मुलं स्वतःबद्दल बोलायला लागतील असं मला मनापासून वाटतं.

आता मोठ्यांच्या प्रश्नाकडे. त्यांची शंका रास्त आहे कारण हा सिनेमा पूर्ण ख्रिस्ती नाहीच. दिसतं ते जग खोटं, शरीर अडकलेलं, गुप्त ज्ञान मिळालं की सुटका, ही मांडणी अभ्यासकांना बौद्ध विचाराशी आणि ज्ञानवादी पंथांशी जुळणारी वाटते, त्याच पंथांशी दुसऱ्या शतकात चर्चचा मोठा झगडा झाला होता. २००३ च्या तिसऱ्या भागात तर शेवटच्या संगीतात उपनिषदातलं 'असतो मा सद्गमय' आहे, आणि त्याच भागात निओ क्रूसासारखे हात पसरून मरतो. दोन्ही एकाच सिनेमात. आपण एक घ्यायचं आणि दुसरं झाकायचं हे प्रामाणिकपणाचं नाही, पौलाने तसं केलं नव्हतं.

म्हणून त्या दिवशी स्टेकच्या सीननंतर लूकच्या शुभवर्तमानाचा २४ वा अध्याय वाचायचा असं ठरवलंय. पुनरुत्थित येशू शिष्यांना दिसतो, त्यांना वाटतं भूत आहे, तो हातपाय दाखवतो, चाचपून बघा म्हणतो, तरी विश्वास बसेना तेव्हा विचारतो इथे खायला काही आहे का, आणि भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यादेखत खातो. सिनेमात चवीचं जेवण खोटं आहे आणि सत्य बेचव आहे. शुभवर्तमानात शरीर खरं आहे आणि मासाही खरा आहे. इथे दोघांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि कुठली वाट का धरायची हे मुलांनी आपापसात बोलायचं.