पुढची कॅब, मागची कॅब: एकाच लोकलचे दोन वेगळे प्रवास

मामेभावाने परवा एक व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, 'दादा, तुझ्यासाठी. मोटरमनच्या कॅबमधून, ठाणे ते कल्याण.' डोंबिवली सोडून मला बरीच वर्षं झाली. आता पुण्यात असतो, पण रात्री जेवणं आटोपली की लोकलच्या कॅबमधले व्हिडिओ लावून बसायची सवय काही सुटलेली नाही, आणि हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. व्हिडिओ लावला, थोडा बघितला आणि त्याला फोन केला. "अरे, ही मोटरमनची कॅब नाही, गार्डची आहे." त्याला पटेना. "रूळ दिसतायत, खांब दिसतायत, काच तीच, वायपर तोच. फरक काय मग?"

प्रश्न अगदी रास्त आहे, कारण कॅब खरोखरच तीच असते.

लोकलला वेगळं इंजिन नसतं. गाडीच्या दोन्ही टोकांना एकसारखी कॅब असते: पुढच्या कॅबमध्ये गाडी चालवणारा मोटरमन, मागच्या कॅबमध्ये गार्ड. गाडी सीएसएमटीला येऊन टेकली की मोटरमन आपलं सामान उचलून उतरतो, आणि कल्याणकडच्या टोकाला इतका वेळ जी गार्डची कॅब होती तिथे दुसरा मोटरमन चढतो. आतापर्यंत मागे लुकलुकणारा लाल दिवा विझतो, हेडलाइट लागतो आणि काही मिनिटांत तीच गाडी उलट्या दिशेने निघते. वाफेच्या इंजिनाच्या काळी शेवटच्या स्टेशनात इंजिन सोडा, फिरवून दुसऱ्या टोकाला आणा, पुन्हा जोडा, एवढा खटाटोप होता. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी (आजचं सीएसएमटी) ते कुर्ला अशी हार्बर लाइनवर विजेची पहिली गाडी धावली आणि त्या खटाटोपातून सुटका झाली. आज दोन-तीन मिनिटांनी लोकल सोडता येते, त्यामागे या दोन तोंडांचा फार मोठा वाटा आहे.

तर कॅब एकच, पण तिच्यात बसून बघणं दोन प्रकारचं. पुढच्या कॅबमधून येणारं दिसतं आणि मागच्या कॅबमधून गेलेलं. ऐकायला हे उघड वाटतं. पण व्हिडिओंच्या नावात या दोन्हींना सर्रास 'कॅब व्ह्यू' म्हणतात, आणि त्यामुळे बघणारा त्यात नेमकं काय शोधायचं तेच विसरतो.

ओळखायचं कसं, ते आधी सांगतो. चालता व्हिडिओ असेल तर काहीच अवघड नाही: रूळ तुमच्या अंगावर येतात की तुमच्यापासून लांब पळतात ते बघायचं. पण नुसता फोटो हातात आला तरी सांगता येतं. आपल्याकडे गाड्या डाव्या हाताने चालतात. त्यामुळे पुढच्या कॅबमधून बघताना आपला रूळ डावीकडे आणि समोरून येणाऱ्या गाडीचा उजवीकडे असतो. मागे तोंड करून बघितलं की हेच उलटतं, आपला रूळ उजवीकडे जातो. बदलापूरच्या पुढे कर्जतपर्यंत दोनच रूळ आहेत, तिथे हे एका नजरेत कळतं. चार-सहा रूळ असतील तिथे आधी आपली जोडी, स्लो की फास्ट, ती हेरावी लागते.

जुलैमधला व्हिडिओ असेल तर वायपर बघावा. पुढच्या काचेवर पाऊस थेट आपटतो, वायपर सतत फिरत असतो. मागच्या काचेवर नुसता चाकांनी उडवलेला फवारा, त्यामुळे वायपर बहुधा स्वस्थ. रात्री तर शंकेला जागाच नाही: पुढून रुळांवर उजेड पडलेला दिसतो, मागून अंधार आणि खडीवर लाल दिव्याची उघडझाप.

मी मात्र ओळखलं ते सिग्नलवरून. सिग्नलचं तोंड येणाऱ्या गाडीकडे असतं. मागच्या कॅबमधून आपल्या सिग्नलची फक्त पाठ दिसते: खांब, शिडी आणि दिव्यांच्या डब्यांचा काळा लोखंडी मागचा भाग. हिरवे-पिवळे दिवे दिसतात ते शेजारच्या रुळाचे, उलट्या दिशेच्या गाडीसाठी असलेले. भावाने पाठवलेल्या व्हिडिओत कळव्यानंतर एकामागून एक अशा पाठीच येत होत्या.

आता पुढच्या कॅबविषयी. मी बावीस वर्षं डोंबिवली-दादर केलं, आणि तरी पहिल्यांदा पुढच्या काचेतला व्हिडिओ बघितला तेव्हा मला माझीच लाइन ओळखू येईना. कारण आपण प्रवासी लाइन बघतो ती बाजूने. माटुंग्याचं वर्कशॉप, शीवजवळचं वळण, ठाण्याची खाडी हे सगळं आपल्या डोक्यात खिडकीच्या चौकटीएवढं असतं. मोटरमनला त्यातलं काही कामाचं नाही. त्याची लाइन सिग्नल, सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागा), पाट्या आणि चढउतार यांची बनलेली असते, आणि ती त्याला पाठ असावी लागते. नव्या मार्गावर गाडी हातात देण्याआधी त्याला तो मार्ग शिकावा लागतो, दुसऱ्याबरोबर फेऱ्या करून. मेल-एक्स्प्रेसच्या इंजिनात लोको पायलटबरोबर सहायक असतो. लोकलचा मोटरमन कॅबमध्ये एकटा. लाइन त्याच्या एकट्याच्या ध्यानात असायला हवी.

म्हणून पुढच्या कॅबचा व्हिडिओ सिग्नलवर नजर ठेवून बघावा. हिरवा, दोन पिवळे, एक पिवळा, लाल. दोन पिवळे म्हणजे पुढच्या सिग्नलला एक पिवळा मिळेल या बेताने चालवा. एक पिवळा म्हणजे पुढच्याला थांबायची तयारी ठेवा. हे चार शब्द कळले की अख्खा व्हिडिओ वाचता येतो. आपल्या पुढे कुठेतरी एक गाडी आहे, ती दिसत नाही, पण तिची सावली सिग्नलच्या रंगांतून आपल्यापर्यंत पोहोचत असते.

आणि एक जुनं कोडं इथे सुटतं. दोन स्टेशनांच्या मधे गाडी थांबते. सगळे माना बाहेर काढतात. मिनिटभराने गाडी मुंगीच्या पावलाने निघते, आणि डब्यातलं कुणीतरी म्हणतं, "सिग्नल पडला," म्हणजे लाल जाऊन पुढे जायची परवानगी मिळाली. पुष्कळदा तो पडलेला नसतो! खांबावर 'ए' लिहिलेली पाटी असेल तर तो ऑटोमॅटिक सिग्नल. तो लाल असला तर मोटरमनने थांबायचं, दिवसा १ मिनिट आणि रात्री २ मिनिटं वाट बघायची, आणि तरीही लालच राहिला तर पुढे काही आडवं दिसताच थांबता येईल इतक्या हळू पुढे सरकायचं. पुढच्या काचेतून हे स्पष्ट दिसतं: लाल दिवा तसाच, आणि गाडी त्याच्या खालून हलकेच निघून जाते. इतकी वर्षं डब्यात बसून मला हे कधी कळलं नव्हतं.

पाट्यांचंही तसंच. फाटकाच्या अलीकडे पिवळ्या पाटीवर 'सी/फा', म्हणजे सीटी वाजवा, फाटक आहे. फलाटाच्या टोकाला किती डब्यांची गाडी कुठे थांबवायची त्याची पाटी. बारा डब्यांची लोकल अडीचशे मीटरहून लांब असते, आणि मोटरमन ती त्या पाटीशी आणून उभी करतो. आपण फलाटावर लेडीज डबा नेमका कुठे येणार हे फरशीवरच्या खुणेवरून सांगतो ना, ती खूण त्या पाटीच्या भरवशावर टिकलेली असते. हे काम पुष्कळ वर्षं फक्त पुरुषांचं मानलं गेलं. साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी २०००च्या एप्रिलमध्ये मध्य रेल्वेची पहिली लेडीज स्पेशल चालवली, ही गोष्ट मला पुढच्या काचेतून बघताना नेहमी आठवते.

मागच्या कॅबमध्ये गार्ड असतो. जानेवारी २०२२पासून त्याचं अधिकृत नाव ट्रेन मॅनेजर झालं, पण फलाटावर अजून कुणाच्या तोंडी ते बसलेलं नाही. आमच्या चाळीत खालच्या मजल्यावर एक गार्डकाका राहायचे. ते म्हणायचे, मोटरमनला रूळ दिसतात, मला माणसं दिसतात. तेव्हा मला ती नुसती बोलायची पद्धत वाटली होती. मागच्या कॅबचे व्हिडिओ बघताना त्यातला शब्द न् शब्द खरा निघाला.

गाडी थांबते, गार्ड खिडकीतून अर्धा बाहेर वाकून फलाटभर नजर टाकतो, चढउतार झाल्याची खात्री करतो आणि बटण दोनदा दाबतो. दोन बेल म्हणजे गाडी सोडा. एक बेल म्हणजे थांबवा. पुढच्या कॅबच्या व्हिडिओत हीच बेल कुठूनतरी अचानक वाजते आणि गाडी हलते. मागच्या व्हिडिओत ते बटण दाबणारं बोट दिसतं, आणि त्याआधीचा तो क्षण दिसतो, ज्यात कुणी म्हातारी बाई पिशवी घेऊन अजून चढते आहे आणि बोट थांबलेलं आहे. एसी लोकलमध्ये दारं बंद झाल्याशिवाय गाडी हलतच नाही. आपल्या साध्या लोकलमध्ये मात्र सगळी भिस्त त्या वाकून बघणाऱ्या नजरेवर.

मग गाडी सुटते, आणि मागच्या काचेत ते दिसतं जे प्रवाशाला कधीच दिसत नाही: आपण निघून गेल्यावरचं स्टेशन. जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरून आलेला आणि एका सेकंदाने चुकलेला माणूस. तो पाच-सहा पावलं धावतो, थांबतो, कमरेवर हात ठेवून गाडीकडे बघतो. उतरलेली गर्दी पाठ करून पुलाकडे चाललेली. पुढच्या कॅबमधून येताना हीच माणसं गाडीकडे तोंड करून, एक पाय पुढे टाकून, खांद्यावरची बॅग छातीशी घेऊन उभी असतात. एकच फलाट, मधे फार तर अर्धं मिनिट. पण पुढून बघाल तर त्यावरची सगळी माणसं वाट बघणारी, मागून बघाल तर घरी निघालेली किंवा राहून गेलेली.

शेजारच्या रुळावरच्या गाडीचीही गंमत आहे. स्लोला फास्ट मागे टाकते तेव्हा पुढच्या कॅबमधून ती कानाशेजारून एकदम उगवते आणि शेपूट दाखवत निघून जाते. मागच्या कॅबमधून तिचा हेडलाइट लांबून दिसायला लागतो, मोठा होत होत अंगावर येतो आणि बाजूने निसटतो. शर्यत बघायची तर मागूनच बघावी.

सगळ्यात मोठा फरक मला पारसिकच्या बोगद्याने शिकवला. १९१६ साली सुरू झालेला, सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा. ठाण्याच्या पुढे स्लो गाड्या डोंगराला वळसा घालून मुंब्र्यावरून जायच्या आणि फास्ट थेट बोगद्यातून. बोगदा आला की आमच्या डब्यात कॉलेजची पोरं ओरडायची, वाऱ्याचा दाब कानांवर बसायचा, बोलणं अर्धवट तुटायचं. २०२२च्या सुरुवातीला ठाणे-दिवा नव्या मार्गिका आल्या, फास्ट लोकल मुंब्र्याकडून जाऊ लागल्या आणि बोगदा मेल-एक्स्प्रेसकडे गेला. म्हणजे लोकलमधून बोगद्यात शिरायचं तर आता जुने व्हिडिओ हाच मार्ग.

दोन्ही बघितले. पुढच्या कॅबमधून: काळोख, आणि त्यात टाचणीच्या डोक्याएवढा उजेड. तो वाढत जातो, कमान होते, आणि एकदम सगळं पांढरं. छान आहे, पण मला त्यात माझं काही सापडलं नाही. मागच्या कॅबमधून: ठाण्याकडचं तोंड कमानीएवढं असतं, त्यातून झाडं दिसत असतात, आभाळ दिसत असतं. मग ते बशीएवढं, नाण्याएवढं, ठिपक्याएवढं होत जातं आणि तेवढंच टिकून राहतं, बराच वेळ. तेव्हा जाणवलं की मला हाच बोगदा आठवतो आहे. मी रोज उलट्या दिशेच्या सीटवर बसायचो! लोकलमधले बाक समोरासमोर असतात. वारा तोंडावर येणारी विंडो नशीबवानांची. समोरच्या बाकावरचे आम्ही सगळे रोज पाठमोरे प्रवास करायचो, गार्डसारखे, मागे पडत जाणारं बघत.

म्हणून माझं मत असं: गाडी कशी चालते ते समजून घ्यायचं असेल तर पुढच्या कॅबचा व्हिडिओ बघा, आणि स्वतःचा प्रवास आठवायचा असेल तर मागच्या. पुढून एखादा पूल डोक्यावरून सर्रकन निघून जातो. मागून तोच पूल अख्खा उभा दिसतो आणि वळणापर्यंत सोबत राहतो. भायखळा-सँडहर्स्ट रोडमधला हँकॉक पूल जानेवारी २०१६मध्ये पाडला, मशीदजवळचा कर्नाक पूल नोव्हेंबर २०२२मध्ये, दोन्ही वेळी लांबलचक ब्लॉक घेऊन, म्हणजे गाड्या बंद ठेवून. त्याआधीचा मागच्या कॅबमधला व्हिडिओ कुणाकडे असेल तर तो जपून ठेवावा. त्या पुलांचं दगडी आणि लोखंडी काम जितकं त्यात दिसेल तितकं पुढच्या काचेत दिसणार नाही.

हे सगळं मी भावाला फोनवर सांगितलं, त्याने ऐकूनही घेतलं. काल रात्री त्याचा आणखी एक व्हिडिओ आला, जेमतेम वीस सेकंदांचा. खाली एवढंच: 'गार्ड. डाउन स्लो. दिवा स्टेशन सुटल्यावर.'

मी तीनदा बघितला. रूळ उजवीकडे, सिग्नलच्या पाठी, आणि फलाटाच्या टोकाला छत्री मिटून पुढच्या गाडीसाठी थांबलेला एक माणूस. बरोबर ओळखलं होतं त्याने.