‘मॉरेटेनिया’ हे नाव नेमकं कुणाचं?

आजचा मॉरिटानिया आणि प्राचीन मॉरेटेनिया यांची वीतभरही जमीन सामाईक नाही. बर्बर म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या मूळ रहिवाशांचं ते जुनं राज्य उत्तर मोरोक्को आणि पश्चिम-मध्य अल्जीरियात होतं. आजचा देश त्याच्या खूप दक्षिणेला, सहारात. लॅटिन शिलालेखांत बहुधा ‘रे’ दिसतो, हस्तलिखितांत ‘रि’ही. त्यामुळे नुसत्या स्पेलिंगवरून काळ ठरवायला गेलं की हमखास चूक होते.

नावातला ‘-टेनिया’ सोपा आहे : लुसिटेनिया, अ‍ॅक्विटेनियासारखा प्रदेशवाचक प्रत्यय. खरा वाद नावाच्या पहिल्या भागावर, म्हणजे तिथल्या लोकांच्या ‘माउरी’ या नावावर आहे. ग्रीक ‘माव्रोस’ म्हणजे काळा, म्हणून ‘काळ्यांचा देश’, हे स्पष्टीकरण सर्रास दिलं जातं. पण ‘काळा’ या अर्थाने तो शब्द ग्रीकमध्ये उशिरा रुळला, लोकांचं नाव त्याआधीचं. दुसरा पक्ष फिनिशियन भाषेतून ‘पश्चिमेचे लोक’ असा अर्थ काढतो. कार्थेज या आजच्या ट्युनिशियातल्या फिनिशियन शहराच्या दृष्टीने दिशा बरोबर, पण तो शब्द बराचसा तर्काने जुळवलेला आहे. एका ग्रीक भूगोलकाराची नोंद जास्त वजनाची वाटते : ग्रीक त्यांना ‘माउरूसियोई’ म्हणत, तर रोमन आणि खुद्द स्थानिक लोक ‘माउरी’. पहिल्या शतकातला रोमन ज्ञानकोशकार तर सांगतो की ज्या टोळीवरून नाव पडलं, ती लढायांत झिजून मोजक्या कुटुंबांवर आली होती. म्हणजे नाव मुळात एका टोळीचं. ते पसरत गेलं आणि टोळी आटत गेली.

इ. स. 40 च्या सुमारास शेवटचा राजा मारला गेला आणि पुढे राज्याचे दोन रोमन प्रांत झाले. नाव मात्र टिकलं. स्पेनमध्ये त्याचं ‘मोरो’, पोर्तुगालमध्ये ‘मोरु’ झालं (इंग्रजीत ‘मूर’), अर्थ ‘मुसलमान’पर्यंत ताणला गेला, गोव्यात आलेले पोर्तुगीज इथल्या मुसलमानांनाही ‘मोरु’च म्हणत. मराठी भाषकांचं मॉरिशसही याच धाग्यातलं, जरा आडवाटेने : 1598 मध्ये डचांनी ते ज्या राजपुत्राच्या नावावरून ठेवलं, त्याच्या नावाचं मूळ लॅटिन ‘माउरूस’.

सगळा घोळ पक्का केला तो फ्रेंच वसाहत खात्याने. सहारातल्या हस्सानिया अरबी बोलणाऱ्यांना फ्रेंच ‘मोर’ म्हणजे मूर म्हणत, म्हणून एकोणिसावं शतक सरताना त्या प्रदेशाला रोमन नाव चिकटवलं गेलं. 1904 मध्ये तो फ्रेंच प्रशासनाखालचा प्रदेश, 1920 मध्ये वसाहत, 1960 मध्ये स्वतंत्र देश झाला. तिथली जुनी ओळख ‘बिलाद शिंगीत’ (शिंगीत शहराचा मुलूख) हाताशी असताना ती देशाच्या नावात आलीच नाही.