खर्चायचे पॉइंट वेगळे, दर्जाचे पॉइंट वेगळे

माझी मोठी बहीण लेकीकडे परदेशी निघाली होती. विमान कंपनीच्या नावाचं क्रेडिट कार्ड तिच्याकडे. किराण्यापासून फ्रिजपर्यंत सगळी खरेदी त्याच कार्डावर केलेली, त्यामुळे ॲपमध्ये पॉइंटांचा ढीग. तरी काउंटरवर जादा बॅगेचे पैसे मागितलेच. "अहो, एवढे पॉइंट आहेत माझे!" असं ती सांगत राहिली. पॉइंट होते, पण या कामाचे नव्हते.

विमान कंपन्यांच्या सभासद योजनांत दोन हिशेब शेजारीशेजारी चालतात. एअर इंडियाच्या महाराजा क्लबमध्ये एकाचं नाव महाराजा पॉइंट, दुसऱ्याचं टिअर पॉइंट. महाराजा पॉइंट पाकिटातल्या नोटांसारखे असतात, तिकिटाला वापरले की संपले. टिअर पॉइंट म्हणजे हजेरीपट. त्यातून काही विकत घेता येत नाही. त्यावर तुम्ही रेड, सिल्व्हर, गोल्ड की प्लॅटिनम हे ठरतं, आणि मिळालेला दर्जा टिकवायला पुन्हा हजेरी भरावी लागते. जादा बॅग मिळते ती या दर्जावर. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात असल्यामुळे तिचा गोल्ड सभासद लुफ्तान्साच्या किंवा सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानातही २० किलो किंवा एक नग जास्त नेऊ शकतो.

कार्ड भरभरून देतं ते पहिल्या प्रकारचे पॉइंट. दुसरे मुख्यतः विमानात बसूनच मिळतात. काही कार्डं तयार दर्जा किंवा थोडे टिअर पॉइंट देतात, पण ते किती खर्चावर आणि किती काळासाठी, हे अटींतच कळतं. अमेरिकेतल्या नातेवाइकांचा सल्ला इथे लावू नका. तिथे अमेरिकन एअरलाइन्सने २०२२ पासून कार्डावरचा खर्चही दर्जासाठी धरायला सुरुवात केली, डॉलरमागे एक पॉइंट. तिथेही नवं कार्ड घेताना मिळणारा घसघशीत बोनस मात्र त्यात मोजत नाहीत.

लाउंजचा, म्हणजे विमानतळावरच्या आरामकक्षाचा घोटाळाही याच जातीचा आहे. स्टार अलायन्सचा गोल्ड दर्जा असेल तर त्या दिवशीच्या अलायन्सच्या बोर्डिंग पासवर लाउंजमध्ये जाता येतं, सोबत त्याच विमानाचा एक सोबती नेता येतो. कार्डावरच्या लाउंजचा विमान कंपनीशी संबंध नसतो. तिथे तिमाहीत किती वेळा जायचं ते ठरलेलं असतं, बऱ्याच कार्डांवर आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च झालेला लागतो आणि सोबत्याचे पैसे वेगळे पडू शकतात. वयस्कर आईवडिलांना कार्डाच्या भरवशावर लाउंजच्या दारात उभं करू नका, आधी बँकेच्या ॲपमध्ये बघून घ्या.

'फुकट' तिकिटालाही कर आणि विमानतळाचं शुल्क रोख भरावं लागतं. इंधन, घरभाडं, वॉलेट, विमा यांवर अनेक कार्डं पॉइंट देत नाहीत किंवा कमी देतात. महिन्याचा मोठा खर्च नेमका याच बाबींत जातो. वार्षिक फीवर १८ टक्के जीएसटी लागतो. आणि बिल थकवलंत तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज बसतं. त्यापुढे कुठलाही पॉइंट तोट्याचाच, हे मी अगदी कळकळीने सांगते.

हे सगळं बँकेच्या 'अतिमहत्त्वाच्या अटी व शर्ती' या कागदात आणि पॉइंटांच्या अटींत लिहिलेलं असतं. बहिणीने ते वाचून कार्ड बंद करायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये घातलेल्या नियमानुसार बाकी चुकती असेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं, नाहीतर उशिराच्या दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे. अर्ज करण्याआधी तिने शेवटच्या बिलाचे पॉइंट विमान कंपनीच्या खात्यात जमा झाल्याची खात्री करून घेतली.