ट्रान्समॉन

ट्रान्समॉन हा सुपरकंडक्टिंग (म्हणजे थंड केल्यावर वीज अडथळ्याविना वाहू देणाऱ्या) सर्किटमधून बनवलेल्या क्यूबिटचा, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरच्या बिटचा, एक प्रकार. पुस्तकी मराठीत अतिसंवाहक म्हणतात, पण लॅबमध्ये कोणी तसं बोलत नाही, म्हणून इथेही सुपरकंडक्टिंगच ठेवलंय. गूगल आणि आयबीएमच्या चिप्सवरचे क्यूबिट याच घराण्यातले. रचना तशी साधी, एक कपॅसिटर आणि त्याला जोडलेलं जोसेफसन जंक्शन, म्हणजे अॅल्युमिनियमच्या दोन थरांमध्ये एक-दोन नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा.

पहिला सुपरकंडक्टिंग क्यूबिट नक्की कोणाचा, यावर एकमत नाही. जंक्शनचं भाकीत ब्रायन जोसेफसनने 1962 मध्ये केलं, तेव्हा तो केंब्रिजला विद्यार्थी होता, पण त्यात क्यूबिटचा विचारच नव्हता. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांनी 1984-85 च्या सुमारास दाखवलं की अख्ख्या सर्किटला अणूसारख्या ठरावीक ऊर्जापातळ्या असतात (2025 चं नोबेल याचंच), म्हणून काही जण सुरुवात तिथूनच धरतात. पुढे 1998 मध्ये फ्रान्सच्या साक्ले इथल्या गटाने कूपर-पेअर बॉक्समध्ये (इलेक्ट्रॉनच्या जोड्या जंक्शनमधून ये-जा करतात असा छोटा सुपरकंडक्टिंग तुकडा) दोन अवस्थांचं मिश्रण दाखवलं, आणि 1999 मध्ये जपानच्या एनईसी कंपनीमध्ये नाकामुरा, पाश्किन आणि त्साई यांनी पल्स देऊन ती अवस्था हवी तशी फिरवून दाखवली. ती टिकली जेमतेम दोन नॅनोसेकंद! तरीही क्यूबिट म्हणजे ज्यावर आपला ताबा चालतो ती गोष्ट असं धरलं तर 1999 चा दावा जास्त भक्कम वाटतो. बर्कलीचं काम पाया आहे, क्यूबिट नाही.

ट्रान्समॉन हे नाव येल विद्यापीठातल्या गटाच्या 2007 च्या लेखातलं, ‘ट्रान्समिशन-लाइन शंटेड प्लाझ्मा ऑसिलेशन क्यूबिट’ याचं ते आखूड रूप. लेखकांत पहिलं नाव येन्स कोख यांचं, आणि डेव्होरे इथेही आहेतच. जुन्या कूपर-पेअर बॉक्सला आजूबाजूचा एखादा भटका चार्ज हलला तरी त्रास व्हायचा. येलच्या लोकांनी कपॅसिटर खूप मोठा केला, इतका की जंक्शनची जोसेफसन ऊर्जा चार्जिंग ऊर्जेच्या (म्हणजे जास्तीचा चार्ज ठेवायला लागणाऱ्या ऊर्जेच्या) साधारण 50 पट झाली, आणि चार्जचा त्रास एक्स्पोनेन्शियली घटला. बदल्यात काय कमी झालं तर पातळ्यांमधल्या अंतरांचं एकमेकांपेक्षा वेगळेपण. जिन्याच्या सगळ्या पायऱ्या एकाच उंचीच्या असल्या तर फक्त पहिल्या दोनच वापरा असं सर्किटला सांगता येत नाही. जंक्शनमुळे वरची पायरी किंचित बुटकी होते, 5 गिगाहर्ट्झच्या (म्हणजे पहिली पायरी तेवढ्या फ्रिक्वेन्सीची असलेल्या) क्यूबिटमध्ये साधारण 200-300 मेगाहर्ट्झने, आणि तेवढ्यावर सगळा खेळ चालतो.

खरी अडचण जंक्शन बनवण्यात आहे, क्यूबिटच्या आकड्यांच्या बातम्यांमध्ये हे राहूनच जातं. व्हॅक्यूम चेंबरमध्ये चिप तिरकी धरून अॅल्युमिनियमचा एक थर द्यायचा, थोडा ऑक्सिजन सोडायचा, मग दुसऱ्या कोनातून दुसरा थर. बाहेर काढल्यावर नेहमीच्या तापमानालाच प्रोबने रेझिस्टन्स मोजतात, आणि मोजणाऱ्याच्या अंगातल्या स्टॅटिकने जंक्शन उडू शकतं, म्हणून मनगटाला पट्टा बांधूनच बसावं लागतं. रेझिस्टन्समध्ये 2 टक्के फरक पडला की फ्रिक्वेन्सी साधारण 1 टक्का हलते, म्हणजे 5 गिगाहर्ट्झवर 50 मेगाहर्ट्झ, आणि शेजारच्या क्यूबिटच्या फ्रिक्वेन्सीशी टक्कर व्हायला तेवढं पुरतं. एका चिपवर हजार जंक्शनं सारखी काढायची म्हणजे काय ते यावरून कळावं. आयबीएम तर तयार जंक्शन लेझरने भाजून फ्रिक्वेन्सी जाग्यावर आणतं.

चिप चालते 10-20 मिलिकेल्विनला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, डायल्यूशन फ्रिज नावाच्या खास फ्रिजमध्ये. फ्रिजच्या मजल्यांमधून खाली येणाऱ्या केबलवर जागोजागी अॅटेन्युएटर (सिग्नल क्षीण करणारे भाग) बसवतात, नाहीतर वरची उष्णता आणि नॉइज सरळ चिपवर येतो. क्यूबिट वाढले की केबल वाढतात, मग जागा आणि थंडावा दोन्ही अपुरे पडतात. आयबीएमची कॉन्डॉर चिप (2023) 1,121 क्यूबिटची होती, पण गूगलच्या 105 क्यूबिटच्या विलोने (2024) चुका दुरुस्त करणाऱ्या कोडचा आकार वाढवल्यावर चूक कमी होते हे दाखवलं, आणि ते जास्त महत्त्वाचं मानायला हवं.

भारतात मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेमध्ये आर. विजयराघवन यांचा गट, पुण्याची डीआरडीओ लॅब आणि टीसीएस यांनी मिळून 6 क्यूबिटच्या प्रोसेसरची चाचणी 2024 मध्ये पूर्ण केली. 2023 मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला सुमारे 6,000 कोटी रुपये आहेत.

करिअर म्हटलं की लोक फिजिक्सची पीएचडीच धरतात. चिपच्या डिझाइनला ती बहुतेक लागतेच, पण मायक्रोवेव्ह इंजिनिअर, एफपीजीए (हवी तशी जुळवता येणारी इलेक्ट्रॉनिक चिप) प्रोग्रॅमर, क्लीनरूममधला प्रोसेस इंजिनिअर, क्रायोजेनिक्सचा (अतिथंड यंत्रणांचा) टेक्निशियन यांच्याशिवाय फ्रिज थंडसुद्धा होत नाही. पायथन सगळ्यांनाच लागतं.