भूकंपानंतर चार महिन्यांनी

माझा जन्म कधीचा, असं विचारलं की आजी तारीख सांगायची नाही. "भूकंप झाला, त्यावर चार महिन्यांनी झालास तू," म्हणायची. बहात्तरच्या दुष्काळात बाबा रांगत होते. तिचा स्वतःचा जन्म हैदराबादच्या पोलीस ॲक्शनच्या (1948) दोन वर्षं आधीचा. एक पक्की खूण धरायची आणि तिथून मागेपुढे मोजायचं. लातूर भागात अजूनही असंच मोजतात.

संगणकही हेच करतो. युनिक्स ही संगणक चालवणारी प्रणाली आणि तिच्या वळणावर बेतलेल्या प्रणालींची खूण आहे 1 जानेवारी 1970, जागतिक प्रमाणवेळेनुसार मध्यरात्र. तो क्षण शून्य, पुढे दर सेकंदाला एक. एखाद्या फोटोची तारीख हरवली की मोबाइल कधी कधी '1 जानेवारी 1970, पहाटे 5:30' दाखवतो. म्हणजे आकडा शून्यच आहे, फक्त भारताचं घड्याळ साडेपाच तास पुढे.

किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3:56 ला झाला. जागतिक वेळेत तेव्हा आदल्या रात्रीचे 10:26 वाजले होते. शून्यापासून तोवर 8,672 दिवस उलटले होते. त्यांना 86,400 ने गुणा, वरचे 80,760 सेकंद मिळवा: 74,93,41,560. संगणकाच्या लेखी ती काळरात्र एवढीच. (पृथ्वीच्या फिरण्याशी घड्याळ जुळतं ठेवायला अधूनमधून जोडलेले जादा, म्हणजे लीप, सेकंद या हिशेबात धरत नाहीत.) तारीख, महिना, वार हे सगळं तो दाखवताना काढतो. म्हणून दोन घटनांमधलं अंतर काढायला त्याला कॅलेंडर लागत नाही, नुसती वजाबाकी पुरते. हे मला फार सुंदर वाटतं.

खुणेच्या आधीचं काय? तिथे उणे आकडे. 17 सप्टेंबर 1948, हैदराबाद मुक्तीचा दिवस, उणे 67 कोटींच्या पलीकडे आहे.

अडचण आकडा ठेवायच्या जागेची. जुन्या प्रणालींत त्याला 32 बिट, म्हणजे 0 किंवा 1 मावेल अशी 32 घरं, दिलेली. एक बिट अधिक-उणेसाठी गेला की उरलेल्या 31 मध्ये 2,14,74,83,647 च्या पुढे मोजता येत नाही. आपल्याकडे 19 जानेवारी 2038 ला, मंगळवारी सकाळी 8:44:07 वाजता, ही हद्द येईल. पुढच्या सेकंदाला आकडा उलटून उणे होईल आणि यंत्राला वाटेल, आज 14 डिसेंबर 1901.

नव्या प्रणाली 64 बिट वापरतात. ती जागा सुमारे 29,200 कोटी वर्षं पुरेल. घोर आहे तो वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेल्या नियंत्रक यंत्रांचा. ती शोधून बदलायचं काम आत्ताच हाती घ्यायला हवं.