यूरो विनर्स कप

यूरो विनर्स कप : युरोपातील बीच सॉकर (वाळूवरचा फुटबॉल) क्लबांची वार्षिक आंतरराष्ट्रीय स्पर्धा. बार्सिलोना येथे मुख्यालय असलेली ‘बीच सॉकर वर्ल्डवाइड’ ही संस्था 2013 पासून ती भरवते. आपापल्या देशाची लीग जिंकलेले क्लब एकाच किनाऱ्यावर जमतात आणि थोड्या दिवसांत गटसामन्यांपासून अंतिम सामन्यापर्यंत सारे उरकते. यजमान देशाला जादा जागा मिळतात. पुढे पूर्वफेरीची जोड मिळाल्यावर लीगविजेते नसलेल्या क्लबांनाही प्रवेश खुला झाला. स्पर्धा बहुधा उन्हाळ्याच्या सुरुवातीला, बहुतेक देशांतील लीग ऐन भरात येण्यापूर्वी होते. त्यामुळे उतरणारे संघ आदल्या वर्षीच्या विजेतेपदाच्या बळावर आलेले असतात.

उगम : वाळूवरच्या क्लब फुटबॉलची परंपरा कोठून धरावी, याबद्दल एकमत नाही. पहिले मत रिओ द जानेरोकडे बोट दाखवते. कोपाकबाना किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून वस्त्या-वस्त्यांचे हौशी संघ खेळत आले आणि 1950 च्या सुमारास या विखुरलेल्या सामन्यांना एकत्रित स्पर्धेचे रूप आले, असे सांगितले जाते. हे साल बहुतेक संदर्भांत जसेच्या तसे उतरवलेले आढळते, त्यामुळे ते अदमासे धरणेच बरे. रिओतला तो खेळ अकरा-अकरा खेळाडूंचा आणि मोठ्या मैदानाचा होता. 1982 च्या विश्वचषकात ब्राझीलकडून खेळलेला, रिओच्या फ्लामेंगो क्लबचा ज्युनिअर हा खेळाडू याच किनाऱ्यावर घडला आणि पुढे नव्वदच्या दशकात बीच सॉकरचा सर्वांत ओळखीचा चेहरा बनला. रिओ-मताच्या बाजूने त्याचे उदाहरण नेहमी पुढे केले जाते आणि ते दुबळे नाही.

दुसरे मत आजच्या पाच जणांच्या खेळापासून सुरुवात करते. 1992 मध्ये नियम बांधले गेले, 1993 मध्ये मायामी बीचवर पहिली व्यावसायिक स्पर्धा झाली आणि 1995 मध्ये कोपाकबानावर पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. 1995 ते 2004 या काळात ही स्पर्धा 2001 चा अपवाद वगळता दरवर्षी ब्राझीलने जिंकली. त्या एका वर्षी पोर्तुगाल विजेता ठरला. युरोपात 1998 मध्ये व्यावसायिक लीग सुरू झाली. ही सारी चौकट मात्र राष्ट्रीय संघांची होती. प्रेक्षक आणि दूरचित्रवाणी यांना देशांची नावे हवी होती, क्लबांची नव्हेत. 2005 मध्ये फिफाने जागतिक स्पर्धा आपल्या हाती घेतली, तेव्हाही हे बदलले नाही. कोपाकबानावर भरलेली ती पहिली फिफा स्पर्धा एरिक कँटोना प्रशिक्षक असलेल्या फ्रान्सने जिंकली.

तिसरे मत देशांतर्गत लीगांना महत्त्व देते. इटलीत हौशी फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगने 2004 मध्ये बीच सॉकरची स्पर्धा सुरू केली. किनाऱ्यावरच्या एकेका गावात ठराविक दिवस मुक्काम करून सामने उरकायचे आणि मग पुढचे गाव गाठायचे, ही तिची पद्धत पुढे इतर देशांतही रुळली. रशिया, पोर्तुगाल, स्वित्झर्लंड, पोलंड अशा देशांत लीगा उभ्या राहिल्या नसत्या, तर खंडाच्या विजेत्याची निवड करण्याजोगे क्लबच उरले नसते. प्रस्तुत स्पर्धेपुरते पाहता हेच मत अधिक ग्राह्य वाटते. रिओची परंपरा जुनी आणि समृद्ध आहे, पण यूरो विनर्स कपची पात्रता थेट या लीगांच्या गुणतक्त्यांतून येते.

यूरो विनर्स कपच्या आधी 2011 मध्ये साओ पाउलो येथे ‘मुंदियालितो’ ही क्लबांची जागतिक स्पर्धा झाली होती. बार्सिलोना, मिलान, बोका ज्युनिअर्स, फ्लामेंगो अशी गवती मैदानांवरची गाजलेली नावे तीत निमंत्रणावरून उतरली. पहिले विजेतेपद वास्को द गामा क्लबने मिळवले. गोव्यातील वास्को शहर ज्याच्या नावाने ओळखले जाते, त्याच दर्यावर्दीचे नाव घेतलेला हा रिओचा क्लब. मुंदियालितोने क्लबांच्या बीच सॉकरकडे लक्ष वेधले, यात शंका नाही. तरी निमंत्रणावर आलेले नाव आणि वाळूवर जिंकून मिळवलेली जागा यांत मोठा फरक आहे. इटलीतील वियारेज्जोसारख्या फक्त वाळूवरच खेळणाऱ्या छोट्या क्लबाला युरोपचा विजेता होता आले, ते या फरकामुळेच.

दर्जा : युरोपातील फुटबॉलची सर्वोच्च संघटना यूएफा ही स्पर्धा भरवत नाही. या कारणावरून काही ठिकाणी तिच्या विजेत्याला ‘युरोपचा अधिकृत विजेता’ म्हणण्याचे टाळले जाते, तर काही ठिकाणी तिची सरसकट चॅम्पियन्स लीगशी तुलना केली जाते. दोन्ही टोके सोडलेली बरी. यूएफाची या खेळात दुसरी कोणतीही क्लब स्पर्धा नाही आणि राष्ट्रीय लीगांचे विजेते येथेच एकमेकांसमोर येतात, म्हणून विजेत्याला युरोपचा विजेता म्हणण्यात काही गैर नाही.

खेळ व गुणपद्धत : सामना 12 मिनिटांच्या तीन सत्रांचा असतो. प्रत्येक बाजूला गोलरक्षक धरून पाच अनवाणी खेळाडू असतात आणि बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात. मैदान 35 ते 37 मीटर लांब आणि 26 ते 28 मीटर रुंद असते. वाळूचा थर किमान 40 सेंटिमीटरचा लागतो. गोलची चौकट 5.5 मीटर रुंद आणि 2.2 मीटर उंच असते. फ्री किकच्या वेळी समोर खेळाडूंची भिंत उभी करता येत नाही. त्यामुळे मैदानाच्या कोणत्याही भागातला फाउल धोक्याचा ठरतो. चेंडू उंचसखल वाळूवर सरळ घरंगळत नाही, म्हणून खेळाडू तो पायाने उचलून हवेतच खेळवतात. डोक्यावरून मारलेली उलटी किक गवतावर क्वचित दिसते, येथे ती रोजची आहे.

गुणपद्धतीकडे मात्र बारकाईने पाहायला हवे, कारण गटाचे निकाल तिच्यावर फिरतात. सामना बरोबरीत सोडला जात नाही. नियमित वेळेत जिंकल्यास 3 गुण, तीन मिनिटांच्या जादा वेळेत जिंकल्यास 2 आणि पेनल्टींवर जिंकल्यास 1. हरणाऱ्याला कोणत्याही परिस्थितीत शून्य. याचा अर्थ तीनही गटसामने पेनल्टींवर जिंकलेल्या संघाकडे 3 गुण राहतात आणि एकच सामना 36 मिनिटांत जिंकून उरलेले दोन हरलेल्या संघाकडेही तितकेच. अपराजित राहूनही गटात मागे पडण्याची शक्यता उरते. चार-पाच मिनिटे शिल्लक असताना बरोबरीतला संघ गोलरक्षकाला पुढे आणून पाचवा आक्रमक म्हणून वापरतो, त्यामागे हा हिशेबही असतो. बरोबरीवर समाधान मानण्याची सवय या पद्धतीने खेळातून काढून टाकली, हे तिचे मोठे श्रेय आहे.

ठिकाणे व विजेते : पहिली स्पर्धा 2013 मध्ये इटलीच्या एड्रियाटिक किनाऱ्यावरील सान बेनेदेत्तो देल त्रोंतो येथे झाली आणि लोकोमोटिव्ह मॉस्को विजेता ठरला. 2014 व 2015 मध्ये दक्षिण इटलीतील काटांझारो येथे सेंट पीटर्सबर्गच्या क्रिस्टाल संघाने सलग दोनदा बाजी मारली. रशियन क्लबांचा हा दबदबा समजण्याजोगा आहे. 2011 आणि 2013 चे जागतिक विजेतेपद रशियाकडेच होते आणि त्या राष्ट्रीय संघाचा कणा याच क्लबांतून आला होता. तेथील खेळाडू हिवाळ्यात छताखालच्या वाळूवर सराव करतात, त्यामुळे हंगाम आखूड असूनही त्यांची तयारी खंडित होत नाही. 2016 मध्ये सिसिलीतील कातानिया येथे तस्कनीच्या वियारेज्जोने इटलीला विजेतेपद मिळवून दिले.

2017 पासून स्पर्धा काही वर्षे पोर्तुगालमधील नझारे या मासेमारीच्या गावी स्थिरावली. प्रचंड लाटांसाठी जगभर ठाऊक झालेला किनारा याच गावाच्या उत्तरेला आहे. सामने गावच्या शांत पुळणीवर होत. 2017, 2018 आणि 2019 अशी सलग तीन वर्षे पोर्तुगालच्याच ब्रागा क्लबने चषक जिंकला. ब्रागा हे शहर समुद्रापासून आत आहे, मॉस्को तर कितीतरी दूर, आणि तरीही विजेत्यांच्या यादीत दोन्ही आहेत. ब्रागाच्या या काळातला जॉर्डन सांतोस मूळचा नझारेचा. 2019 मध्ये जगातील सर्वोत्कृष्ट बीच सॉकरपटू म्हणून त्याची निवड झाली आणि त्याच वर्षी पोर्तुगालने जागतिक विजेतेपदही मिळवले. 2020 मध्ये क्रिस्टालने ब्रागाची मालिका मोडली. युक्रेनवरील आक्रमणानंतर, 2022 पासून, रशियन क्लब स्पर्धेत नाहीत.

खेळाडूंची ये-जा : येथे क्लब म्हणजे वर्षभर एकत्र राहणारा संघ नव्हे. एका उन्हाळ्यात एकच खेळाडू पोर्तुगाल, इटली आणि आणखी एखाद्या देशाच्या लीगमध्ये खेळू शकतो, कारण लीगा थोड्या दिवसांच्या असतात आणि करारही तेवढ्यापुरते. ब्राझीलचे खेळाडू तर बहुतेक मोठ्या क्लबांत दिसतात. यामुळे क्लबांची ओळख पातळ होते, हा आक्षेप खरा आहे. पण याच ये-जा करण्यातून लहान लीगांतील स्थानिक मुलांना जगातील उत्तम खेळाडूंसोबत एकाच संघात खेळायला मिळते, आणि खेळाच्या प्रसाराच्या दृष्टीने ते अधिक मोलाचे आहे.

महिलांची स्पर्धा : 2016 पासून महिला क्लबांची स्वतंत्र स्पर्धा घेतली जाते. रिओच्या राडार क्लबाचा महिला संघ कोपाकबानावर 1980 च्या दशकाच्या आरंभी खेळत होता, हे ध्यानात घेता युरोपात ही सुरुवात उशिराच झाली.

इतरत्र : दक्षिण अमेरिकेत तेथील फुटबॉल महासंघ कॉनमेबोलने 2016 मध्ये क्लबांसाठी कोपा लिबेर्तादोरेस सुरू केली आणि पहिल्या वर्षीचा चषक वास्को द गामानेच जिंकला. भारतात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची पहिली राष्ट्रीय बीच सॉकर स्पर्धा 2023 मध्ये सुरतेत झाली आणि केरळ विजेता ठरला. ती राज्य संघांची होती.